कंडोम फाटला, आणि घरचा माणूस वापरू देत नाही

प्रश्न : ताई, मी तुर्भ्याला राहते, सहा वर्षं धंदा करते. गिऱ्हाईकाला कंडोमशिवाय घेत नाही, पिअर दीदी, म्हणजे आमच्यातलीच आरोग्याचं काम करणारी बाई, पाकिटं आणून देते. पण तीन वर्षांपासून माझा माणूस आहे त्याच्यासोबत नाही वापरत, तो म्हणतो मी काय गिऱ्हाईक आहे का. गेल्या शनिवारी कंडोम फाटला, मी लगेच आतून डेटॉलने धुतलं, आता आग होतेय. तपासणी केली तर सगळ्यांना कळेल. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते डेटॉल बंद करा, साबणही आत नको. त्याने एचआयव्हीचा विषाणू जात नाही, उलट आतली नाजूक कातडी सोलवटते आणि लागण व्हायला सोपं जातं. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, बास. आग थांबली नाही तर डॉक्टरला दाखवा.

कंडोम फाटला की पहिलं घड्याळ बघायचं. 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणारं औषध सुरू करता येतं, त्याला पेप म्हणतात, 28 दिवस घ्यायचं, आणि जितकं लवकर तितकं बरं, म्हणजे रात्री झालं तर सकाळीच सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, जाऊन कधी झालं कसं झालं सगळं सांगायचं, द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. तुमचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा ती वेळ निघून गेली होती, मला फार लागलं ते, म्हणून छापतेय, शेजारच्या खोलीतलीने तरी वाचावं.

तुम्ही आत्ता एकदा एचआयव्हीची तपासणी करा आणि शनिवारपासून तीन महिने झाले की परत, कारण लागण ताजी असली तर पहिल्या वेळी दिसत नाही. त्याच वेळी सिफिलिसची पण करायला सांगा, तोही संबंधातून लागणारा आजार आहे, तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो.

फाटतो का तर बऱ्याचदा खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन लावल्यामुळे, रबर कच्चं होतं त्याने, पाण्याची जेली वापरा. एकावर एक दोन चढवू नका, घासून दोन्ही फाटतात. आणि लावताना टोक चिमटीत दाबून हवा काढायची, हे आपण स्वतः करायचं, दारू प्यालेल्या गिऱ्हाईकावर सोडायचं नाही.

कळण्याचं म्हणाल तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते, तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिझल्ट परस्पर कुणाला सांगता येत नाही, 2017 चा एचआयव्हीचा कायदाच आहे तसा. आधी नुसतं बोलायचं असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

आता तुमचा माणूस. खरं सांगू, मला गिऱ्हाईकांपेक्षा इथली काळजी जास्त वाटते. गिऱ्हाईकाशी तुम्ही भांडून कंडोम घालायला लावता, आणि जिथे जीव लावलाय तिथे गप्प बसता. एचआयव्ही असलेला माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, तोंडावरून कळत नाही, त्याचं कळत नाही तसं तुमचंही नाही. त्याला म्हणा, शनिवारी फाटला, माझ्यामुळे तुला काही होऊ नये म्हणून तीन महिने वापरायचाच. मग चिडायला जागा राहत नाही, प्रेमाचीच गोष्ट आहे ती. आणि समजा कुणाचं पॉझिटिव्ह आलंच तरी गोळ्या फुकट मिळतात, रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच टिकला की संबंधातून पुढे लागण होत नाही.

सोमवारी सकाळी ओपीडीच्या वेळेत आयसीटीसीत जा, जमलं तर त्याला सोबत घेऊन, नाही आला तर पिअर दीदीला घ्या.