शग्रीन: घोड्याच्या पुठ्ठ्यापासून पाकटापर्यंत

प्रश्न असा आहे: संग्रहालयात एका जपानी तलवारीच्या मुठीवर पांढरं, दाणेदार कातडं दिसलं. पाटीवर इंग्रजीत ‘शग्रीन’ आणि खाली मराठीत ‘शार्कचे कातडे’. हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

नाही. मासा चुकला आहे. आणि शब्द तर मुळात माशाचा नाहीच, घोड्याचा आहे.

तुर्कीत ‘साग्री’ म्हणजे घोड्याचा पुठ्ठा, मागचा गुबगुबीत भाग. फारसीत त्याच कातड्याला ‘साघरी’ म्हणतात. घोड्याच्या किंवा गाढवाच्या पुठ्ठ्याचं कातडं जाड आणि चिवट, पण गुळगुळीत. त्यावर दाणे उठवायची युक्ती भारी होती. ओलं कातडं चौकटीवर ताणायचं, त्यावर चाकवताच्या कुळातल्या झाडाचं बारीक, कडक बी पसरायचं, वर नमदा टाकून पायांनी तुडवायचं. वाळलं की बी झटकून टाकायचं आणि खळग्यांच्या तळापर्यंत पृष्ठभाग तासून सपाट करायचा. मग कातडं पुन्हा पाण्यात. जिथे बी रुतलं होतं तिथलं दबलेलं कातडं फुगून वर येतं, आणि खळग्याच्या जागी दाणा उभा राहतो! अठराव्या शतकात पीटर पालास या निसर्गअभ्यासकाने रशियातल्या आस्त्राखानच्या कारागिरांची ही रीत नोंदवून ठेवली आहे.

हा माल आणि त्याचं नाव युरोपात गेलं. इटालियनमध्ये ‘झिग्रीनो’, फ्रेंचमध्ये ‘शाग्रँ’, इंग्रजीत ‘शग्रीन’. पुढे दुसरं एक दाणेदार कातडं बाजारात आलं, ज्याला बी तुडवायची गरजच नव्हती. दिसायला सारखं, म्हणून त्यालाही तेच नाव चिकटलं. ते कातडं पाकटाचं.

कोकणातल्या वाचकांना पाकट सांगायला नको. चपटा, अंगाला पंखासारख्या कडा, मागे चाबकासारखी शेपटी. मुशी म्हणजे शार्क. पाकट तिचा नातेवाईक, पण वेगळा. दोघांचे खवले दातांच्याच घडणीचे असतात. फरक बोटाला कळतो. मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, मऊ लागतं. उलट फिरवा, सँडपेपर. पाकटाच्या पाठीवर मात्र गोल मण्यांसारखे दाणे असतात, हात कुठूनही फिरवला तरी मणीच लागतात. पाठीच्या मध्यावरचे मणी सगळ्यांत मोठे.

जपानी मुठीवर हेच असतं. आतली मूठ मॅग्नोलियाच्या लाकडाच्या दोन फाकांची. त्यांवर पाकटाचं कातडं आवळून बसवतात, म्हणजे फाका हलत नाहीत. वरून रेशमाची, सुताची किंवा चामड्याची पट्टी चौकटी पाडत गुंडाळतात, आणि खालचे मणी ती पट्टी सरकू देत नाहीत. दर्शनी बाजूला मोठे मणी येतील अशी काळजी घेतात. हे जुनंही आहे: जपानमधल्या नारा शहरातल्या शोसोइन या जुन्या भांडारात 756 साली अर्पण केलेल्या वस्तूंमध्ये अशा कातड्याच्या मुठीची तलवार आहे. एरवी चामडं कुजतं, लोखंड उरतं, त्यामुळे इतक्या जुन्या मुठीचं कातडं पाहायला मिळणं दुर्मीळच.

पाटी लिहिणाऱ्याला सगळा दोष देऊ नये. जपानीतही या कातड्याला ‘सामेगावा’च म्हणतात, आणि ‘सामे’ म्हणजे शार्क. चूक तिकडूनही आलेली असू शकते. त्या मानाने ब्रिटिश लष्कर सावध: अधिकाऱ्यांच्या तलवारींच्या मुठीवरच्या काळ्या कातड्याला ते नुसतं ‘फिशस्किन’ म्हणून मोकळे झाले.

मराठीत आपल्याकडे याला रुळलेला शब्द नाही, कारण आपल्या तलवारीची मूठ बहुधा सगळीच धातूची. हाताला लागू नये म्हणून आतून गादी लावायची. तेव्हा मी ‘पाकटाचं कातडं’ असंच लिहीन. वस्तू घोड्याच्या कातड्याची असेल तिथे ‘शग्रीन’ ठेवावं.

जाता जाता: इटालियनमध्ये ‘झिग्रीनातुरा’ म्हणजे लेथवर धातूच्या दांड्याला पकडीसाठी पाडतात ती खरखरीत नक्षी. आपल्या वर्कशॉपात तिला ‘नर्लिंग’ म्हणतात. घोडा गेला, पाकट गेलं, तरी नाव अजून हाताच्या पकडीलाच आहे.