वाचकांचे प्रश्न : ‘द चेंजलिंग’मधले वेड्यांचे इस्पितळ

प्रश्न : थॉमस मिडलटन आणि विल्यम रौली या सतराव्या शतकातील इंग्रज नाटककारांचे ‘द चेंजलिंग’ हे नाटक अलीकडेच अभ्यासासाठी वाचले. बिआट्रिसची मुख्य कथा अंगावर काटा आणते. पण मधूनमधून येणारे वेड्यांच्या इस्पितळातले प्रवेश उपरे आणि प्रहसनवजा वाटतात. ते गाळले तर नाटक अधिक बांधेसूद होणार नाही का? आणि बिआट्रिसला दुष्ट म्हणावे की अगतिक?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका जुनी आहे. पुष्कळ अभ्यासकांनी हे उपकथानक गौण मानले आणि काही प्रयोगांत ते कापलेही गेले. मला मात्र ते गाळणे म्हणजे नाटकाचा अर्थच अर्धा करणे वाटते. त्याचे कारण कळण्यासाठी आधी तिसऱ्या अंकातल्या एका प्रवेशाकडे नीट पाहावे लागेल.

स्पेनमधील अलिकांते येथील किल्लेदाराची मुलगी बिआट्रिस हिचे लग्न अलोन्झोशी ठरले आहे. पण तिचे मन अल्सेमेरोवर जडले आहे. म्हणून ज्याचे तोंडही तिला पाहवत नाही, त्या दे फ्लोरेस नावाच्या चाकराला ती अलोन्झोचा खून करायला लावते. काम उरकून तो परततो तेव्हा त्याच्या हातात मृताचे अंगठीसह कापलेले बोट असते, कारण अंगठी काही केल्या निघाली नव्हती. ती अंगठी बिआट्रिसनेच, वडिलांच्या सांगण्यावरून, पहिली भेट म्हणून पाठवलेली होती. ती त्याला अंगठी देऊ करते, मग तीन हजार सोन्याची नाणी, मग त्याच्या दुप्पट. त्याला पैसा नको, तीच हवी असते. शीलाला धक्का लावणारी ही भाषा कसली, असे ती विचारते, तेव्हा रक्तात बुडालेल्या बाईने लज्जेच्या गोष्टी कराव्यात काय, असा त्याचा उलट प्रश्न येतो. तुझे कूळ आता तुझे बापजादे नव्हेत, तू केलेले कृत्य हेच तुझे कूळ, असे तो तिला सुनावतो. हा प्रवेश मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा एक गोष्ट हादरवते : बिआट्रिसला आपण खून केला असे खरोखरच वाटत नसते. हात दुसऱ्याचा होता, आपण फक्त इच्छा केली आणि मोल ठरवले, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. या नाटकातली नीतिभ्रष्टता तिथे आहे, रक्तपातात नव्हे.

आता इस्पितळाकडे वळू. इस्पितळ चालवणारा संशयी अलिबियस आपल्या तरुण पत्नीला, इसाबेलाला, वेड्यांच्या इमारतीतच कोंडून ठेवतो. तिला वश करण्यासाठी अँटोनियो मतिमंदाचे आणि फ्रान्सिस्कस वेड्याचे सोंग घेऊन दाखल होतात. रखवालदार लोलिओ अँटोनियोची प्रेमयाचना चोरून पाहतो आणि लगेच स्वतःचाही वाटा मागू लागतो. दे फ्लोरेस मांडतो तोच सौदा इथेही मांडला जातो. पण इसाबेला त्याला बळी पडत नाही, उलट अँटोनियोकडून त्याचाच गळा कापवण्याची धमकी देऊन त्याचे तोंड बंद करते. पुढे ती स्वतःच वेडीचे रूप घेऊन अँटोनियोसमोर जाते, तेव्हा ‘तुझ्यासाठी वेडा झालो’ म्हणणारा हा प्रेमिक तिला ओळखतही नाही आणि झिडकारतो. त्याचे प्रेम तिच्या वस्त्रांपुरते होते, हे ती त्याला तिथेच ऐकवते. आजूबाजूला खरे वेडे ओरडत असताना या घरात सर्वांत स्वच्छ नजर तिची आहे. आणि किल्ल्यात, जिथे प्रत्येक जण सभ्य भाषेत बोलतो, तिथे कोणालाच समोरचे दिसत नाही.

दोन्ही कथा प्रसंगांनीही जोडलेल्या आहेत. बिआट्रिसच्या लग्नात नाचण्यासाठी याच इस्पितळातले वेडे बोलावले जाणार असतात आणि सोंग घेऊन गायब झालेल्या त्या दोघांवरच अलोन्झोच्या खुनाचा संशय येतो.

नाटकाला प्रयोगाचा परवाना मे १६२२ मध्ये मिळाला. एसेक्सची एके काळची काउंटेस फ्रान्सिस हॉवर्ड, जिचा पहिला विवाह १६१३ मध्ये कौमार्याची तपासणी होऊन रद्द झाला होता आणि जिने पुढे थॉमस ओव्हरबरी या दरबाऱ्यावरील विषप्रयोगातला आपला गुन्हा कबूल केला होता, ती १६२२ च्याच जानेवारीत लंडनच्या टॉवरमधील कैदेतून सुटली होती. बिआट्रिसच्या कौमार्याची औषध पाजून परीक्षा घेण्याचा आज विचित्र वाटणारा प्रसंग तेव्हाच्या प्रेक्षकाला अगदी ओळखीचा वाटला असणार.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : ती दोन्ही आहे. दे फ्लोरेस तिच्यावर जबरदस्ती करतो, हे गुळमुळीत शब्दांत सांगू नये. पण पाचव्या अंकात, आपली अब्रू राखण्यासाठी हा माणूस किती झटतो आहे हे पाहून आता याच्यावर प्रेम करणे भाग आहे, असे ती म्हणते तेव्हा अगतिकतेचे रूपांतर भागीदारीत झालेले असते, आणि तेही लग्नाच्या रात्री तिने आपल्या जागी पाठवलेली दासी डायफँटा मारली जात असताना. मरताना मात्र ती बापाला सांगते की मी तुमच्या अंगातून काढलेले दूषित रक्त आहे, माझ्याकडे पाहू नका, मला गटारात वाहून जाऊ द्या. इतके निखळ आत्मज्ञान तिला आधी एकदाही झालेले नव्हते.

पुन्हा वाचाल तेव्हा तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश संपताच त्याच्या आधीचा तिसरा प्रवेश पुन्हा उघडावा आणि दे फ्लोरेसची मागणी व लोलिओची मागणी शेजारी ठेवून वाचावी.