विचारा तर खरं: गाठींची गोधडी

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी विनिपेगला असते. तिने तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून गोधडी घेतली, काउंटरवरच्या आजी म्हणाल्या आम्ही पगार घेत नाही, आम्ही मेनोनाइट. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर गोधडीला आपल्यासारखे टाके नाहीतच, नुसत्या लोकरीच्या गाठी. हे लोक कोण, आणि हा फुकटचा कारभार जमतो कसा त्यांना? आमच्या मंडळात चार बायका जमवताना नाकी नऊ येतात.
— एक वाचक, नेरूळ

काकू, आधी गाठींचं सांगते कारण मला त्यातच सगळं दिसतं. आपली आजी गोधडीला धावदोरा घालत बसायची, महिना गेला तरी चालेल, घरच्या नातवासाठी होती ना. यांच्या गोधड्या जायच्या परदेशात, थंडीत कुडकुडणाऱ्या अनोळखी माणसाला, तिथे नक्षी कशाला, म्हणून तिन्ही थरांतून जाड दोरा ओवायचा, गाठ मारायची, थोडं पुढे परत गाठ. चौकटीभोवती बायका बसल्या की भराभर उरकतं.

आता हे कोण. सोळाव्या शतकात हॉलंडमध्ये मेनो सायमन्स नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू होता, त्याच्यावरून नाव पडलं. बाप्तिस्मा मोठेपणी स्वतःच्या मर्जीने घ्यायचा आणि हत्यार उचलायचं नाही, या दोन हट्टांपायी हे लोक देशोदेशी फिरले. हॉलंडमधून पोलंडकडे, तिथून रशियाच्या दक्षिणेला म्हणजे आताच्या युक्रेनमध्ये, तिथून १८७४ पासून कॅनडात मॅनिटोबाच्या (विनिपेग याच प्रांतात) प्रेअरीवर, म्हणजे नजर जाईल तिथवर सपाट गवताळ माळ. (तो माळ काही रिकामा नव्हता हां, मूळ रहिवासी आणि मेती (मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या) लोकांचा होता, हे त्यांचीच आजची पिढी बोलते.)

जे मागे राहिले त्यांचे रशियन क्रांतीनंतर हाल झाले. युक्रेनमध्ये दुष्काळ पडला, आणि अमेरिका-कॅनडातल्या भाईबंदांनी १९२० मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी काढून १९२२ मध्ये तिथे अन्नछत्रं चालवली, वर नांगरणीला ट्रॅक्टरही पाठवले. त्याच दशकात सुमारे २०,००० जण कॅनडाला आले, तिकिटाला पैसे कुठले, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उधारीवर आणलं. कर्ज १७ लाख डॉलरच्या वर! कित्येक घरातल्या पोरी विनिपेगमध्ये लोकांकडे घरकामाला राहिल्या आणि पगार गावी धाडत राहिल्या, मध्ये मंदी आली, पीक बुडालं, ज्यांना फेडणं झेपेना त्यांच्यासाठी बाकीच्यांनी वर्गणी काढली, आणि १९४६ मध्ये कर्ज फिटलं एकदाचं.

म्हणजे बघा, लहानपणी अन्नछत्रातली पेज प्यायलेली पोरं प्रेअरीवर मोठी झाली आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपातल्या भुकेल्यांना पाठवायची पाळी त्यांची. मला वाटतं जमतं कसं याचं अर्धं उत्तर इथेच आहे, उपकार म्हणून नाही, देणं म्हणून करत होते.

उरलेलं अर्धं म्हणजे शिस्त. मुलांसाठी गाठोडी जायची, त्यात नवे कपडे, साबण, एखादं खेळणं, आणि हे सगळं टॉवेलात गुंडाळून सेफ्टी पिना लावायच्या, म्हणजे बांधायचं कापड आणि पिनासुद्धा घेणाऱ्याच्या कामाच्या. आणि आम्ही? २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुराला आमच्या ठाण्यातल्या सोसायटीने कपडे गोळा केले, वर्गवारी माझ्याकडे होती, काय काय निघालं विचारू नका, एका पिशवीत फाटकी जरीची साडी आणि लग्नातला कोट, बटणं नसलेला. मी अर्ध्याहून जास्त माल बाजूला काढला तर दोन जणी अजून बोलत नाहीत माझ्याशी.

पैसा उभा करायची त्यांची रीत मात्र आपल्याला ओळखीची वाटेल. बायकांच्या शिवण मंडळात वर्षभर विणलेलं-शिवलेलं लिलावात काढायचं, आणि साध्या उशीच्या अभ्र्यावर गडी ईर्ष्येने बोली चढवायचे, आपल्याकडे मंडळात नारळाचा लिलाव होतो ना अगदी तस्सं. कमिटीवर पुरुष, सुया बायकांच्या हातात, तेही ओळखीचंच. अमेरिकेच्या प्रेअरीवर, कॅन्ससमध्ये, १९४६ पासून मांस डब्यात भरायचं यंत्र गावोगाव फिरायला लागलं, शेतकरी जनावर द्यायचे आणि गाव कापाकापीला जमायचं. १९५० मध्ये तिथल्याच हेस्टन गावच्या तरुण जोडप्यांनी चर्चच्या सहलीत ठरवलं की आपत्ती आली की हातपाय घेऊन जायचं, लगेच पुरात वाळूची पोती रचायला गेले, त्यातूनच मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस उभी राहिली. युद्धाला नाही म्हणणाऱ्या पोरांना लोक भित्रे म्हणायचे, ती बोच पण असणार यामागे.

आणि मुलगी गेली तशा दुकानांची सुरुवात मॅनिटोबातल्याच अल्टोना गावात १९७२ ला बायकांनी केली.

प्रश्न: हे लोक भारतात कधी आले होते का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

आले होते की! १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट धमतरीला आले, रायपूरच्या खाली, ऐन दुष्काळात, अनाथ पोरांना सांभाळलं, १९१० पासून तिथे त्यांचं हॉस्पिटल आहे. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात, राजधानी आपलं नागपूर. पुढे १९४२ मध्ये वर सांगितलेली ती कमिटी मदतकामासाठी कलकत्त्यालाही पोचली.

नेरूळच्या काकू, मुलीला सांगा गाठ जवळून बघायला, एकदा उजवं टोक वर, एकदा डावं, मग धुतली तरी सुटत नाही. मी जुन्या ओढण्यांवर करून बघितली, तिसऱ्या ओळीत बोटं दुखली.