क्लोजर किंमत लक्षात ठेवते की चल धरून ठेवते?

नाशिकच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्रोग्रामिंगमधल्या ‘क्लोजर’ला, म्हणजे आपल्या बाहेरची चले (व्हेरिएबल) सोबत घेऊन चालणाऱ्या फंक्शनला, मराठीत ‘समारोप’ म्हणावे की ‘बंदिस्त फंक्शन’, आणि ‘क्लोजर बाहेरच्या चलाची किंमत लक्षात ठेवते’ हे वाक्य बरोबर आहे का.

‘समारोप’ सोडूनच द्यावा, कारण येथे काहीही संपत नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये ही संज्ञा वापरली, ती अशा अर्थाने की फंक्शनमध्ये जे चल मुक्त असते, म्हणजे ज्याची व्याख्या त्या फंक्शनच्या आत नसते, त्याला भोवतालच्या परिसरातून अर्थ मिळतो आणि फंक्शन त्या परिसरासह पूर्ण, ‘बंद’ होते. ‘बंदिस्त’मधून नेमके हे बाहेरचे नाते निसटते. उच्चारशास्त्रातला ‘संवृत’, म्हणजे ‘बंद’, आपल्या ओळखीचा आहे. म्हणून लेखनात मी ‘संवृत फंक्शन’ पसंत करेन, बोलताना क्लोजरच बरे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. समजा, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाऊससाठी आपण ‘मोजणी’ नावाचे फंक्शन लिहिले, त्यात ‘क्रेट’ हे चल शून्यावर ठेवले आणि ते एकाने वाढवून परत देणारे आतले फंक्शन बाहेर सोपवले. दोन टेबलांसाठी ‘मोजणी’ दोनदा चालवली, तर पहिल्या टेबलाचे फंक्शन तीनदा बोलावल्यावर १, २, ३ असे आकडे येतात, आणि त्यानंतर दुसऱ्याचे प्रथमच बोलावले तर १ येतो. ‘मोजणी’चे काम केव्हाच संपलेले असते, तरी दोन्ही ‘क्रेट’ स्वतंत्रपणे जिवंत राहतात, आणि त्यासाठी एकही ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणारे, चल लागत नाही. क्लोजरने नुसती किंमत लक्षात ठेवली असती, तर प्रत्येक वेळी शून्यात एक मिळवून १ हाच आकडा आला असता. म्हणून ‘क्लोजर चल धरून ठेवते’ असेच लिहावे.

हा काथ्याकूट नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये चल घोषित करणारा जुना शब्द ‘व्हार’ वापरून ० ते २ अशा लूपमध्ये तीन फंक्शने तयार केली आणि लूप संपल्यावर बोलावली, तर तिन्ही ३ सांगतात, कारण तिघांनी एकच चल धरलेले असते आणि लूप संपताना ते ३ झालेले असते. २०१५ च्या आवृत्तीत आलेले ‘लेट’ प्रत्येक फेरीला नवे चल देते, त्यामुळे ०, १, २ मिळतात. पायथॉनमध्ये बाहेरचे चल नुसते वाचायला काही लागत नाही, पण ‘क्रेट’ वाढवायचे असेल तर आतल्या फंक्शनमध्ये ते ‘नॉनलोकल’, म्हणजे बाहेरचे, असल्याचे सांगावे लागते, नाहीतर पायथॉन ते आतलेच चल समजतो आणि पहिल्याच वाढीला त्रुटी देतो.