सागरी ‘संरक्षण’ की ‘सुरक्षा’? आणि ‘लवचिकते’चे काय करायचे?

नागपूरच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: ‘आमच्या परिसंवादाची कार्यक्रमपत्रिका मराठीत छापायची आहे. इंग्रजीत मेरिटाइम सिक्युरिटी, डिफेन्स इंडस्ट्री आणि नॅशनल इन्फ्रास्ट्रक्चरचा रेझिलियन्स असे तीन विषय आहेत. पहिल्याला कोणी सागरी संरक्षण म्हणते, कोणी सागरी सुरक्षा. दुसऱ्यासाठी रक्षा उद्योग असा मसुदा आला आहे. तिसऱ्याचे राष्ट्रीय पायाभूत सुविधांची लवचिकता असे केले आहे, पण ते कुणालाच पटलेले नाही. काय लिहावे?’

ताई, दुसऱ्या विषयापासून सुरुवात करू, कारण तो चटकन निकालात निघतो. ‘रक्षा उद्योग’ लिहू नका. हिंदीत रक्षा मंत्रालय, रक्षा उत्पादन हे रूढ आणि योग्य आहे. नागपूर 1956 पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, त्यामुळे हिंदी शब्द इथल्या मराठीत सहज मिसळतात. त्यात वाईट काही नाही. पण मराठीत ‘रक्षा’ म्हणजे चितेची राख. शोकवार्तेत ‘रक्षाविसर्जन’ वाचणाऱ्या माणसाच्या कानाला ‘रक्षा उद्योग’ खटकणारच. मराठीत मंत्रालय ‘संरक्षण’, मंत्री ‘संरक्षण’, म्हणून उद्योगही ‘संरक्षण उद्योग’. तिथे ‘सुरक्षा उद्योग’ही चालणार नाही. आपल्याकडे सुरक्षा पुरवण्याचा व्यवसाय म्हटला की इमारतीच्या दारावर सुरक्षारक्षक नेमणारी एजन्सी डोळ्यांपुढे येते.

या विषयाची नागपूरकडची शब्दसंपत्ती मात्र कार्यक्रमपत्रिकेत जरूर येऊ द्या. अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीच्या कारखान्यांना आपण ‘आयुध निर्माणी’ म्हणतो. ‘निर्माणी’ हा हिंदी राजभाषेतून आलेला शब्द. मराठीने तिथे ‘कारखाना’ म्हटले असते. पण पिढ्यानपिढ्या तोंडी बसलेले नाव आता शुद्ध करू नये. 1 ऑक्टोबर 2021 पासून देशभरातल्या या निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. त्यांतल्या ‘यंत्र इंडिया’चे मुख्यालय नागपुरातच आहे. तरी बातमीत आणि बोलण्यात शब्द ‘आयुध निर्माणी’च राहिला, आणि तो राहावा असे मला मनापासून वाटते. ‘आयुध’ हा शब्द सुरेख आहे. हातात धरून मारायचे ते शस्त्र, फेकून मारायचे ते अस्त्र, आणि आयुधात दोन्ही येतात. नागपुरात तयार होणाऱ्या, लक्ष्यावर घिरट्या घालून मग त्यावर झेपावणाऱ्या ड्रोनला ‘नागास्त्र’ हे नाव दिले आहे. नाव ठेवणाऱ्याने हा भेद अचूक पाळला आहे.

आता पहिला विषय. ‘संरक्षण’ आणि ‘सुरक्षा’ या दोन्हींत धातू एकच, ‘रक्ष्’. पण मराठीने त्यांना वेगवेगळी कामे दिली आहेत. ‘संरक्षण’ ही कृती आहे: कुणीतरी कशाचे तरी कशापासून तरी रक्षण करतो. म्हणून वनसंरक्षक, ग्राहक संरक्षण, ओढ्याकाठची संरक्षक भिंत. यांतल्या एकाही ठिकाणी युद्ध नाही, पण राखणारा, राखली जाणारी वस्तू आणि धोका हे तिन्ही स्पष्ट आहेत. ‘सुरक्षा’ ही त्या कृतीतून निर्माण होणारी स्थिती आणि ती टिकवण्याची व्यवस्था. म्हणून संयुक्त राष्ट्रांत ‘सुरक्षा परिषद’ आणि आपल्याकडे ‘राष्ट्रीय सुरक्षा’.

समुद्रावर हा भेद ठळक दिसतो. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून आले. नौदल तेव्हाही होते, युद्धनौकाही होत्या. परक्या आरमारापासून किनाऱ्याचे संरक्षण करण्याची तयारी होती. हजारो मासेमारी बोटींतली कोणती आपली आणि कोणती नाही हे ओळखण्याची व्यवस्था मात्र पुरेशी नव्हती. 2009 मध्ये किनाऱ्यासह एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आली, तटरक्षक दलाकडे किनाऱ्यालगतच्या सागरी पट्ट्याचे काम आले, सागरी पोलीस आणि मच्छीमार त्यात जोडले गेले. गस्त, बोटींची नोंदणी, ओळखपत्रे, चाचेगिरीला आळा ही सगळी कामे ‘सुरक्षे’ची. ती करणारी नौदल आणि तटरक्षक दल ही दोन्ही दले संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने अरबी समुद्रात ‘रुएन’ या अपहृत जहाजावरच्या 35 चाच्यांना शरण यायला लावले आणि 17 खलाशी सोडवले. ते 35 जण मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले गेले. कारवाई नौदलाची, पण शेवट पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात. याला ‘सागरी सुरक्षा’च म्हणायचे. शत्रूच्या आरमाराशी गाठ असेल तिथे ‘सागरी संरक्षण’ म्हणा. तुमच्या परिसंवादाला ‘सागरी सुरक्षा’ योग्य.

इथे एक तिसरा शब्द येतो. तो माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे: ‘सुरक्षितता’. सेफ्टी आणि सिक्युरिटी या दोन्हींना आपण सरसकट ‘सुरक्षा’ म्हणून मोकळे होतो. सागरी कायद्यात मात्र या दोहोंच्या मधे जवळजवळ नव्वद वर्षे आहेत. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाले. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील माणसांच्या जिवाच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात लाइफबोटी, बिनतारी संदेश, हिमनगांवर नजर अशा गोष्टी होत्या. तिथे शत्रू कुणी नव्हता. होता तो अपघात. 2001 मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यावर त्याच कराराला डिसेंबर 2002 मध्ये जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची संहिता जोडली गेली, आणि ती 1 जुलै 2004 पासून लागू झाली. आता प्रश्न बदलला: जहाजावर कोण चढतो, बंदरात कोण शिरतो, कंटेनरला कुणी हात लावला. अपघात टळावा ती सुरक्षितता, घातपात टळावा ती सुरक्षा. एवढा भेद मराठी सहज पेलते. ‘सुरक्षितता सप्ताह’ पाळणाऱ्या कामगाराला तो समजावून सांगावाही लागत नाही. नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या केंद्रीय संस्थेच्या हिंदी नावात ‘सुरक्षा’ आहे. तिचे काम साठवणूक, वाहतूक आणि परवाने यांतून अपघात टाळण्याचे. मराठीत तिच्याबद्दल लिहिताना ‘सुरक्षितता’ म्हटले तर कामाचे स्वरूप एका शब्दात कळते.

‘सागरी’ की ‘समुद्री’? सागरी. महाराष्ट्र सागरी मंडळ, सागरी पोलीस ठाणे, सागरी सेतू. निवाडा रूढीने दिलेलाच आहे.

राहिली ‘लवचिकता’, आणि खरी अडचण हीच. रेझिलियन्स म्हणजे आघात सोसून टिकून राहण्याची आणि कोलमडल्यास पुन्हा उभे राहण्याची क्षमता. हा शब्द ‘लवणे’, म्हणजे वाकणे, यातून आला. मराठीत लवचिक धोरण असते, कामाच्या लवचिक वेळा असतात. गरजेप्रमाणे बदलता येते ते लवचिक. ‘बंदराची लवचिकता’ वाचल्यावर वाचकाला वाटेल की जहाज हवे तेव्हा लावता येते. हिंदीतल्या ‘लचीलापन’वरून हा शब्द शब्दशः उचलला गेला असावा असा माझा तर्क आहे. शाळेत भौतिकशास्त्रात शिकलेला ‘स्थितिस्थापकता’ही काही जण सुचवतात. त्या शब्दाचा अर्थ ताण गेल्यावर मूळ आकारात परत येणे. पण कोलमडलेली यंत्रणा जशी होती तशीच परत उभी केली, तर ती पुन्हा तशीच कोलमडेल. ‘प्रतिकारक्षमता’ आणि ‘रोधक’ फक्त आघात थोपवण्याबद्दल बोलतात, आघात होऊन गेल्यावर काय याबद्दल गप्प बसतात.

रेझिलियन्समध्ये प्रत्यक्ष घडते काय, ते उदाहरणांनी पाहू. 30 आणि 31 जुलै 2012 ला देशाचे वीजजाळे कोसळले. 31 तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग एकदम गेले आणि 60 कोटींहून अधिक लोक अंधारात राहिले. नागपूर ज्या पश्चिम विभागात येते, तो टिकला. कोसळलेल्या भागात जलविद्युत केंद्रे आधी सुरू केली गेली, शेजारच्या विभागांतून वीज घेतली गेली, आणि मग एकेक वाहिनी जिवंत करत नेली गेली. दुसरे उदाहरण जून 2017 चे. एका सायबर हल्ल्याने जगभरातल्या संगणकांबरोबर न्हावा शेवातल्या एका कंटेनर टर्मिनलचे कामही ठप्प केले. नागपूरच्या कंटेनर डेपोतून निघणारा माल ज्या बंदराकडे जातो तेच हे बंदर. समुद्र इथून कितीही लांब असला तरी त्याची झळ इथे पोहोचते. आणि जानेवारी 2008 च्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले. पूर्ण बंद पडले नाही, कारण पूर्वेकडच्या केबलही होत्या.

या घटनांसाठी मराठीत क्रियापदे तयार आहेत. आघात सोसणे. तग धरणे. सावरणे. पाऊस दडी मारून बसला की विदर्भातला शेतकरी कपाशीबद्दल ‘पऱ्हाटीने तग धरला’ म्हणतो. त्यात नुसते न मरणे नाही, पुढच्या सरीपर्यंत जीव राखणे आहे. 2008 मध्ये इंटरनेटने तग धरला. 2012 मध्ये पश्चिम विभागाने तग धरला आणि उत्तर विभाग सावरला. (‘तगाई’ या जुन्या शेतकरी कर्जाशी ‘तग’चे नाते जोडू नका. तो शब्द ‘तकावी’वरून, अरबी-फारसीतून आलेला, अर्थ बळ देणे. कानाला सारखा लागतो इतकेच.) वर्तमानपत्रे तर रोज लिहितात: पुरवठा खंडित, वाहतूक ठप्प, मग सुरळीत, मग पूर्ववत. पण ‘पूर्ववत’लाही स्थितिस्थापकतेचीच मर्यादा आहे, तो मागच्या स्थितीकडे बोट दाखवतो. ‘सावरणे’ तसे करत नाही. सावरलेला माणूस आधी होता तिथेच उभा असेल असे नाही, पण तो उभा असतो. म्हणून मला हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो.

सप्टेंबर 2023 मध्ये 22 च्या रात्री आणि 23 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत घुसले. त्या रात्रीला ‘सुरक्षा’ हा शब्द लागू पडत नाही, कारण समोर शत्रू नव्हता. ‘सुरक्षितता’ तुटली होती. त्यानंतर शहराला जे लागले ते सावरणे. तिथे ‘लवचिकता’ हा शब्द वापरून पाहा, तो किती परका वाटतो हे लगेच कळते.

‘संरक्षण’ या शब्दालाही सावरण्याचा हा अर्थ हळूहळू चिकटतो आहे, आणि त्याचा एक धागा नागपुरातून जातो. 1957 मध्ये आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था इथे सुरू झाली, आणि 1968 मध्ये तिचे नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. त्याच वर्षी नागरी संरक्षण कायदा आला. हवाई हल्ल्यांपासून नागरिकांचा बचाव हा त्याचा गाभा होता. 2009 च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनही त्यात आले. म्हणजे ‘नागरी संरक्षण’ म्हणताना आता हल्ला, पूर आणि त्यांतून सावरणे हे सगळे गृहीत असते. ‘संरक्षण उद्योगा’तले ‘संरक्षण’ इतके पसरलेले नाही.

नाम हवेच असेल तर ‘सावरण्याची क्षमता’ लिहा. ‘सावरक्षमता’ असा जोडशब्द बनवता येईल, पण कार्यक्रमपत्रिका ही नवा शब्द रुजवण्याची जागा नव्हे. मला विचाराल तर सत्राचे नाव क्रियापदांतच ठेवा: ‘देशाच्या पायाभूत यंत्रणा: तग धरणे आणि सावरणे’. ‘सुविधा’ऐवजी ‘यंत्रणा’ मुद्दाम घेतले आहे. वीजजाळे, बंदर किंवा केबल ही सोयीची गोष्ट नाही. त्यांच्याशिवाय दवाखाना आणि पाणीपुरवठा चालत नाही. आणि ‘राष्ट्रीय’ऐवजी ‘देशाच्या’ म्हणा. राष्ट्रीय महामार्ग, राष्ट्रीयीकृत बँक यांच्या सवयीने ‘राष्ट्रीय’ वाचले की सरकारी मालकी मनात येते. इथे मात्र बंदरातली टर्मिनले आणि समुद्राखालच्या केबल बऱ्याचदा खासगी कंपन्यांच्या असतात, आणि परिसंवादात त्यांच्यावरही बोलायचे असेल.