जुन्या ऑटोमॅटिक गाडीत मधूनच गिअर अडकतो, डॅशबोर्डवरचा ‘डी’चा (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायच्या गिअरचा) दिवा लुकलुकतो, गॅरेजमध्ये नेली की सगळं ठीक. दोष शोधायचा कसा?

पहिलं म्हणजे, गिअरबॉक्स कुणालाही उतरवू देऊ नका.

माझी गाडी २००७ची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी जुनी ऑटोमॅटिक. डावा गुडघा क्लचला कंटाळला म्हणून घेतली. तेव्हाच मेहुणा म्हणाला होता, “दाजी, पांढरा हत्ती बांधताय.” पुढे मे महिन्यात नाशिकला लग्नाला निघालो आणि नेमकी कसारा घाटात गाडी तिसऱ्या गिअरला चिकटली. ‘डी’ लुकलुकतोय, मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि मागच्या सीटवर मेहुणा गप्प बसलाय. त्याचं ते गप्प बसणं मी विसरलेलो नाही. वीस मिनिटं थांबलो, बंद-चालू केली, तर शहाण्यासारखी चढली.

पहिल्या गॅरेजवाल्याने “रीसेट मारतो” म्हणत बॅटरीची वायर काढली. गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेला दोषाचा कोड गेला! चोराचे ठसे पोलिसानेच पुसावेत तसं. (कोड वाचणारा स्कॅनर आधी लावायचा. पी ०७०५ आला तर रेंज स्विच, म्हणजे लिव्हर ‘पी’त आहे की ‘डी’त ते सांगणारा, पी ०७१५ किंवा ०७२० आला तर स्पीड सेन्सर, ०७५० च्या पुढे सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह. पण कोड म्हणजे त्या सर्किटचं नाव, पार्ट बदलायचा हुकूम नव्हे.) दुसऱ्याने थेट ओव्हरहॉलचे ७० हजार सांगितले. गिअरबॉक्सच्या तेलाचं प्रेशर मोजलंस का विचारलं, तर हसला. मेहुणा म्हणाला, “विकून टाका.”

तीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेला माणूस मी. मीटर काढला आणि मीच पहिली चूक केली, सगळं ओहमवर तपासलं. सोलेनॉइड १३-१४ ओहम, वायरिंग शून्य, सगळं झकास. अहो, वायरची एकच तार शिल्लक असली तरी ओहमला शून्यच दिसतो. करंट वाहताना बघायला हवं. मग रात्री पार्किंगमध्ये इंजिन चालू, एसी, हेडलाइट, रेडिएटरचा फॅन, सगळं लावलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गिअरबॉक्सच्या अंगाला. ०.९ व्होल्ट! ०.२ च्या वर जाता कामा नये.

बॅटरीच्या ट्रेखाली गिअरबॉक्सला येणाऱ्या अर्थच्या वायरचा लग (टोकाचं धातूचं कडं) हिरवा पडला होता, आत भुकटी. बॅटरीचं ॲसिड वर्षानुवर्षं ठिबकलेलं. घाटात इंजिन तापलं की फॅन लागायचा, करंट वाढला की अर्थचं व्होल्टेज हलायचं आणि गिअरचा कंट्रोलर बावचळायचा. सकाळी स्टार्टर रडत फिरायचा, तेही त्यामुळेच. मी बॅटरीला दोष देत होतो. नवी वायर, नवा लग, ब्रशने घासलेली जागा. खर्च तीनशेच्या आत. त्यानंतर चार वेळा कसारा चढलोय, दोनदा मुद्दाम मेहुण्याला घेऊन.

तुमच्याकडे अर्थ चांगला निघाला तर इंजिन चालू ठेवून, गाडी ‘पी’त आणि हँडब्रेक ओढून, गिअरबॉक्सकडे जाणारे कनेक्टर एकेक हलवून बघा. पावसाळ्यानंतर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा. गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास येत असेल तर मात्र माझं सगळं विसरा, तो दोष बहुधा विजेचा नाही. आणि हे एएमटीला, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर मशीन हलवतं त्या गाडीला, लागू नाही. त्याचं मेहुण्याला विचारा, गेल्या वर्षी त्याने तीच घेतलीय. घाटात कशी चढते ते मला अजून सांगितलेलं नाही.