बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीला आधार कसा द्यावा?

ताई, धुळ्याच्या बालगृहातली मुलगी जूनमध्ये १८ पूर्ण करतेय, तिला आयटीआय करायचंय आणि तुम्ही चार मैत्रिणी मदतीला तयार आहात. फार मोलाचं आहे हे. पैशांची थोडी सोय सरकारकडे आहे, माणसं मात्र आपल्यालाच उभी करावी लागतात.

सोय म्हणजे अनुरक्षण, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरची मदत (आफ्टरकेअर): वयाच्या २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. ते आपोआप सुरू होत नाहीत. अधीक्षकांना आत्ताच बाल कल्याण समितीकडे प्रस्ताव पाठवायला सांगा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातून पोच घ्या. आई-वडील दोघेही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचंही याच वेळी बघा. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं १ टक्का आरक्षण त्यावरच मिळतं.

कागदांत हमखास अडतं ते मोबाइल नंबरवर. आधारला संस्थेतल्या कुणाचा तरी नंबर जोडलेला असतो. त्या बाई बदलून जातात आणि शिष्यवृत्तीचा ओटीपी भलत्याच फोनवर पोचतो. म्हणून १८ पूर्ण होताच तिच्या नावावर सिम, मग आधार केंद्रावर नंबर बदल, मग बँकेत नवी सही आणि केवायसी. क्रम हाच ठेवा.

आता तुमचं काम. ‘काही लागलं तर सांग’ एवढ्यावर सोडू नका, ती सांगणार नाही. संस्थेत साबणसुद्धा ठरल्या दिवशी हातात येतो, मागायची सवयच नसते. कामं वाटून घ्या: एकीकडे बँक आणि कागद, दुसरीकडे दवाखाना, तिसरीकडे खोली किंवा वसतिगृह. चौथीनं दर रविवारी ठरल्या वेळी फोन करायचा, तिच्या फोनची वाट बघायची नाही. पहिले काही महिने पैसे आले की त्याच दिवशी मेस आणि भाडं देऊन टाकायला लावा, नाहीतर पंधरा तारखेलाच हात रिकामा होतो.

सुट्ट्यांचा विचार बहुतेक जण विसरतात. दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बरोबरच्या पोरी घरी जातात. कोणत्या सणाला कुणाकडे यायचं ते वर्षाच्या सुरुवातीलाच तिला सांगून ठेवा. मात्र १८ च्या आधी समितीच्या परवानगीशिवाय घरी नेऊ नका.

आणि तिनं आयटीआय मध्येच सोडलं तर रागावून फोन थांबवू नका. तिच्या अनुरक्षणाचा आराखडा बदलून मागता येतो. तिला घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि नवा अर्ज द्या.